हिरव्या पावडरचा साक्षीदार

माझ्या पोटाबद्दल आधी सांगायला हवं, कारण पहिला दगा त्यानेच दिला. नागपुरात वाढलेलं पोट. सावजीचा रस्सा मी पाण्यासारखा प्यायलोय आणि वर पाणी मागितलेलं नाही. इंजिनियरिंगच्या होस्टेलवर एका पैजेत मी बत्तीस पुरणपोळ्या खाल्ल्या आणि तेहतिसावी घेऊन आलेला आचारी माझ्या पाया पडून परत गेला. नॉर्थ कॅरोलायनात आमच्या कॅरी गावातल्या मराठी मंडळींच्या प्रत्येक होळीला ही गोष्ट मी सांगतो, आणि प्रत्येक होळीला शेजारी बसलेली माझी बायको समोर बघत, आवाज न चढवता म्हणते, "अकरा."

एवढंच. अकरा.

तिचं आयुष्य औषधांच्या चाचण्यांचे आकडे तपासण्यात गेलं. ऑफिसात सवय लागली, ती घरी आली. मी म्हणतो मागच्या अंगणात अस्वल आलं होतं, ती म्हणते, "हरीण." मी म्हणतो शंभरच्या वेगाने गाडी हाणली, ती म्हणते, "सत्तर. आणि पोलिसांचं तिकीट मिळालं." लग्नाला तीस वर्षं झाली, माझा एकही आकडा तिच्या हातून धड सुटलेला नाही. मी चाळीस सांगितले तर लोक तिच्याकडे बघतात, आणि ती सांगते तेच घरी घेऊन जातात.

माझ्या गोष्टी पूर्ण भावाने घेणारा जगात एकच माणूस होता, माझा मित्र. आम्ही दोघं अमेरिकेत एकाच महिन्यात आलो. एका अपार्टमेंटात चौघं राहायचो आणि गाद्या दोन होत्या. तो माझ्या गादीचा वाटेकरी. कुठल्याही घरी जेवण आटोपलं की तोच पानाचा डबा पुढे करून म्हणायचा, "सांग रे ती पुरणपोळीची." हजार वेळा ऐकलेली गोष्ट, पण आचारी पाया पडायच्या आधीच हा हसून डोळे पुसायला लागायचा. असा श्रोता मिळाला की माणूस बत्तीसचे चाळीस करतोच, त्यात माझा काय दोष.

दोन वर्षांपूर्वी त्याची नोकरी गेली. पंचावन्नच्या पुढच्या माणसाला आमच्या धंद्यात कोणी पुन्हा बोलावत नाही. मग कुणा गुरूच्या नादाने त्याने आरोग्याच्या पावडरी विकायला घेतल्या. देशी किराणा दुकानात दह्याच्या कपाटापाशी उभा राहायचा आणि नवा देशी चेहरा दिसला की विचारायचा, "तुम्ही पुण्याचे का हो?" मग चहाला बोलावणं, मग शनिवारची मीटिंग, मग डबे. मला त्याने कधी काही विकलं नाही. "तू घरचा," म्हणायचा. हे लक्षात ठेवा.

प्रोस्टेट नावाचा अवयव आपल्याजवळ आहे हे मला बासष्टाव्या वर्षी कळलं, आणि कळलं तेव्हा त्यात कॅन्सर होता. डॉक्टरांनी रेडिएशन सांगितलं. सोमवार ते शुक्रवार रोज एकदा, एकूण अठ्ठावीस वेळा. हा आकडा खरा आहे, बायकोने तपासलाय.

रेडिएशन म्हणजे वीज कडाडेल, धूर निघेल, अशी माझी तयारी होती. तसं काही नाही. अट मात्र विचित्र: टेबलावर झोपताना मूत्राशय गच्च भरलेलं हवं आणि आतडं रिकामं हवं, त्यात वायूसुद्धा चालत नाही. मराठी माणसाने सकाळी साडेनऊला पोटात वायू न ठेवता हजर व्हायचं. आधी एक छोटा स्कॅन काढतात. त्यात वायूचा फुगा दिसला तर टेबलावरून उठवतात आणि म्हणतात, जरा फिरून या. मग तुम्ही भरलेलं मूत्राशय घेऊन पार्किंगमध्ये फेऱ्या मारता. तेव्हा एप्रिल होता, पाइनच्या झाडांच्या परागांनी सगळ्या गाड्या हळद लागल्यासारख्या पिवळ्या झाल्या होत्या, आणि त्यांच्यामधून मी मांड्या आवळून चालायचो.

मला न्यायला मित्र यायचा. "वहिनी, तुम्ही ऑफिसला जा. मी रिकामाच आहे," असं म्हणाला आणि अठ्ठावीसही दिवस आला. कॅन्सर केंद्रावर पोचेपर्यंत मला गाडीत ठरलेलं पाणी प्यायचं असायचं, म्हणून तो प्रत्येक स्पीडब्रेकरवर गाडी अशी चढवायचा जशी आत बाळंतीण बसलीय. बाहेर बसून राहायचा. परत येताना म्हणायचा, "सांग, आज काय केलं त्यांनी," आणि मी सांगायचो की मशीन बिघडलं आणि मी झोपल्याझोपल्या दुरुस्त केलं. तो हसायचा.

पहिल्याच आठवड्यात केंद्रातल्या आहारतज्ज्ञ बाईंनी बोलावलं होतं. उंच, पिकल्या केसांच्या, बोलण्यात अमेरिकेच्या दक्षिणेचा हेल. त्यांची पद्धत अशी की घरी जे जे घेता, गोळ्या, पावडरी, काढे, चहासुद्धा, ते सगळं एका पिशवीत भरून आणायचं आणि टेबलावर ओतायचं. त्या एकेक वाचणार, काय ठेवायचं, काय बंद करायचं ते सांगणार. आपल्या माणसाला पिशवी भरून आणा म्हणणं धोक्याचं असतं. मी त्रिफळा नेला, हिंग्वाष्टक नेलं, अर्धा डबा च्यवनप्राश नेला, घाऊक दुकानातल्या माशाच्या तेलाच्या गोळ्या नेल्या. बाईंनी प्रत्येकाचं स्पेलिंग विचारून लिहून घेतलं. बरंचसं काही आठवडे थांबवलं. शेवटी म्हणाल्या, "नवीन काहीही सुरू करायचं असेल तर आधी मला दाखवा. चांगलं असलं तरी दाखवा."

मी मान डोलावली. दुसऱ्या आठवड्यात मित्राने गाडीतल्या कप ठेवायच्या खाचेतून एक डबा काढला. आत हिरवी पावडर, वाळलेल्या शेवाळासारखी.

"रेडिएशनने पोटाची वाट लागते," तो म्हणाला. "तुझी लागू द्यायची नाही. रोज दोन चमचे."

"बाईंना दाखवू का?"

"दाखव की. त्या नको म्हणतील. त्यांना तेच शिकवलंय. अरे, निव्वळ पालेभाज्या आणि फायबर आहे, विष आहे का?" मग थोडं थांबून म्हणाला, "पैसे नकोत. तुझ्यासाठी आहे."

मी घेतली. डबा त्याच्या गाडीतच राहायचा, तोच बाटलीत घोळून द्यायचा. डबा माझ्या घरी नव्हता, तेव्हा माझ्या पिशवीतही नव्हता. अशी पळवाट मला चटकन सुचते. घरी बायकोलाही बोललो नाही.

तिसऱ्या आठवड्यात पोट फिरलं. फिरलं म्हणजे बासष्ट वर्षांची मैत्री विसरलं. डॉक्टरांनी सांगितलंच होतं की या सुमारास आतड्याला त्रास सुरू होतो, पण सुरू होणं वेगळं आणि हे वेगळं. रोज स्कॅनमध्ये वायूचा फुगा. एका आठवड्यात तीनदा मला टेबलावरून उठवलं. बाकीचा दिवस संडासात. पेज पचेना, ताक पचेना. ज्या पोटाने सावजी जिरवलं ते मऊ भाताला घाबरायला लागलं.

एका सकाळी हायवेवर असतानाच मला कळलं की आपण पोचणार नाही. आणि पोचलो नाही. यापुढचं मी कधी कुणाला सांगितलं नव्हतं. मित्राने गाडी कडेला घेतली, रेडिओ मोठा केला. पुढच्या एग्झिटला एका दुकानातून पँट आणि टॉवेल घेऊन आला, मला पेट्रोल पंपाच्या टॉयलेटपर्यंत धरून नेलं आणि दाराबाहेर उभा राहिला. जुनी पँट पिशवीत बांधून त्याने स्वतः टाकली. दुसऱ्या दिवसापासून सीटवर आधीच टॉवेल घातलेला असायचा, दुमडलेला, म्हणजे मला तो माझ्यासाठी आहे असं वाटू नये. हा टॉवेल मी विसरलो असतो तर पुढचं सगळं सोपं गेलं असतं.

त्या शुक्रवारी डॉक्टर म्हणाले, "असंच राहिलं तर मध्ये उपचारात खंड पाडावा लागेल. आणि मला खंड नको आहे. ट्यूमरला सुट्टी द्यायची नाही." त्यांनी मला थेट आहारतज्ज्ञ बाईंकडे पाठवलं. बाईंनी माझी यादी पुढे ओढली, चष्मा नाकावर सरकवला आणि विचारलं, "पिशवीत नसलेलं काही आहे का?"

सहा फुटांच्या माणसाला एका वाक्यात सहा वर्षांचं करणाऱ्या बायका सगळ्या देशांत असतात. मी सांगून टाकलं.

मित्रालाच डबा घेऊन आत बोलावलं. बाईंनी मागचं लेबल वाचलं, बोट ठेवून ठेवून. चिकोरीचं मूळ. मॅग्नेशियम. साखरेऐवजी घातलेला कसलासा गोडवा. आपण कॉफीत चिकोरी घालतो ती वेगळी, ही तिच्यातलं नुसतं फायबर वेगळं काढून केलेली, आणि ती आतड्यात जाऊन वायू करते. मॅग्नेशियम पोट ढिलं करतं. गोडवा दोघांना हात देतो. बाई रागावल्या नाहीत. "दुसऱ्या कुणाला हे चालेलही," म्हणाल्या. "पण तुमचं आतडं आत्ता भाजलेलं आहे. हे त्याला नको." मित्र दाराला टेकून उभा होता. शब्दन् शब्द त्याने ऐकला.

गाडीत बसल्यावर म्हणाला, "सॉरी यार. मला खरंच माहीत नव्हतं." पहिला सिग्नल यायच्या आत मी माफ करून टाकलं होतं.

बाईंनी मग जे दिलं ते ऐकून मला हसूच आलं. इसबगोल. सातासमुद्रापार येऊन, प्रकाशाच्या वेगाने कण फेकणाऱ्या मशीनखाली झोपून शेवटी इसबगोल. पण तो कसा, किती, किती पाण्यात आणि कधी, हे त्यांनी चमच्याने मोजून दाखवलं. मी तो आयुष्यभर मोकळं होण्यासाठी घेतला होता. त्या म्हणाल्या, तो पाणी शोषून धरूनही ठेवतो, म्हणून माप पाळा. दूध बंद, कच्च्या भाज्या बंद, मसाल्याचं नाव नको. आतड्यातल्या चांगल्या जंतूंची एक कॅप्सूल डॉक्टरांना विचारून सुरू केली. डॉक्टर प्रामाणिक माणूस. म्हणाले, "काहींना उपयोग होतो, काहींना नाही. तुमच्या रक्ताचे रिपोर्ट ठीक आहेत, करून बघू." जुलाब थांबवायची गोळी होतीच. बायकोने फ्रिजवर तक्ता लावला आणि प्रत्येक फेरीला रेघ मारायला लागली. आठ-दहा दिवसांत रेघा विरळ झाल्या. खंड पडला नाही.

अठ्ठाविसाव्या दिवशी तिथल्या रिवाजाप्रमाणे भिंतीवरची पितळी घंटा वाजवायला दिली. नर्स, तंत्रज्ञ, वाट बघत बसलेले पेशंट, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी अशी वाजवली की शेजारच्या व्हर्जिनिया राज्यात ऐकू गेली. बायको डोळ्यांना पदर लावायला गेली आणि पदर नाही म्हणून बाही लावली. फोटो मित्राने काढला. कोपऱ्यात त्याचाच अंगठा आला.

दीड महिन्याने त्याचा फोन आला. "शनिवारी दोघं चहाला या. काही लोकांना तुला भेटायचंय."

मला भेटायचंय म्हटल्यावर मी का विचारू. नवा शर्ट घातला.

त्याच्या हॉलमध्ये घडीच्या खुर्च्या मांडलेल्या. शंभर-दीडशे माणसं म्हणणार होतो, पण बायको वाचणार आहे, तेव्हा बावीस. बहुतेक तिशीची जोडपी, नुकतीच आलेली, हातात सामोशाच्या बश्या. पुढे भिंतीवर पडदा. मला पहिल्या रांगेत बसवलं. मित्राने दिवे मंद केले आणि पडद्यावर मी आलो.

हातात घंटेची दोरी, तोंड उघडं. खाली इंग्रजीत मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं: अठ्ठावीस रेडिएशन, पोटाचा शून्य त्रास. शेजारी हिरवा डबा. कोपऱ्यातला अंगठा कापून टाकलेला होता.

मित्र सांगत होता आणि मला पहिल्यांदा कळलं की तो इतकी वर्षं नुसता हसत नव्हता, शिकत होता. कुठे थांबायचं, आवाज कुठे खाली न्यायचा, सगळं माझं. "डॉक्टरांनी हात टेकले होते," तो म्हणाला. "मी म्हटलं, दोन चमचे. फक्त दोन. आणि हा माणूस रोज ट्रीटमेंट झाल्यावर माझ्याबरोबर मिसळ खायला यायचा." लोक हसले, कौतुकाने माझ्याकडे बघायला लागले. ज्या गाडीत टॉवेल होता त्याच गाडीतून त्याच्या गोष्टीत त्याने मला मिसळ खायला नेलं. केसाने गळा कापणं म्हणजे काय ते मला त्या हॉलमध्ये कळलं. आणि केस माझाच होता.

एका मुलीने हात वर केला. "काका, माझी आई इथेच असते आमच्याकडे. गर्भाशयाचा कॅन्सर. सोमवारपासून तिचं रेडिएशन आहे. रोज दोनच चमचे द्यायचे का? तिचं पोट आधीच नाजूक आहे." तिच्या मांडीवर डबा होता, सील फोडलेला.

"सांग रे," मित्र म्हणाला. अगदी त्याच सुरात, पानाचा डबा पुढे करताना असायचा त्या.

मी उभा राहिलो. म्हणालो, "देऊ नका. मला याने उलटा त्रास झाला. मला तीनदा टेबलावरून उठवलं. मी हायवेवर कपडे खराब केले."

हॉल हसला. अख्खा हॉल. मागून कुणी म्हणालं, "काकांची सुरू झाली," आणि दुसरा म्हणाला, "काका, पुरणपोळी पण सांगा." मी आणखी सांगत गेलो तसे ते आणखी हसत गेले. मी कपाळाला हात लावला तर त्यालाही हसले. मित्रही हसला, मान हलवत. "हा असाच आहे. मी सांगितलं नव्हतं?"

चाळीस वर्षं मी खोटं बोललो आणि लोकांनी मजा म्हणून ऐकून घेतलं. आता खरं बोलत होतो आणि तेही त्यांना मजाच वाटत होती. ती मुलगीही हसत होती, जरा गोंधळून, डब्यावर हात ठेवून. मला लाजही वाटत होती, म्हणून शेवटी आकडा मी कमी करून सांगितला. म्हटलं, "अहो खरंच. दिवसाला आठ-नऊ वेळा जायला लागायचं."

"सतरा," माझी बायको म्हणाली.

समोर बघत. आवाज न चढवता.

हॉल हळूहळू शांत झाला. त्यातल्या जुन्या चार लोकांना ती माहीत होती. तीस वर्षांत तिने माझा आकडा वर नेल्याचं कुणी ऐकलं नव्हतं. मीही नव्हतं.

"मी मोजलेत," ती म्हणाली. "फ्रिजवर तक्ता आहे. हायवेचंही खरं आहे, यांनी सांगितलं नाही तरी त्या दिवशी नव्या पँटमध्ये घरी आले, ती भावजींनीच आणली." मग त्या मुलीकडे वळली. "आईला काय काय देतेस ते सगळं पिशवीत घाल. हा डबाही घाल. सोमवारी तिथल्या आहारतज्ज्ञांना विचारून मगच दे. आणि यांच्यासारखं एक बाहेर ठेवू नकोस."

मुलीने डब्याचं झाकण घट्ट लावलं आणि तो पायाशी ठेवला. पडद्यावर मी अजून घंटा वाजवत होतो.

मित्राने मला स्वयंपाकघरात ओढून नेलं. "एवढं करायची गरज होती?"

"तू तिथे होतास. दारात उभा होतास."

"तू बरा झालास ना? घंटा वाजवलीस ना? मग खोटं काय त्यात?" त्याचा चेहरा लाल झाला होता. "आणि तू मला शिकवतोस? जन्मभर थापा मारल्यास तू. मी एक मारली तर मी वाईट?"

"माझी थाप ऐकून कुणी दोन चमचे घेतले नाहीत," मी म्हटलं.

तो ओट्यावरचे सामोसे उगाच सरळ लावत राहिला. मी त्याची माफी मागायची वाट बघत होतो आणि तो बहुतेक माझी.

पुढच्या बुधवारी त्या मुलीचा बायकोला फोन आला. आहारतज्ज्ञांनी पिशवीतल्या दोन गोष्टी बंद केल्या, एक हिरवा डबा. आईला इसबगोलाचं माप वेगळं सांगितलंय, माझ्यापेक्षा कमी. मी फोनवर आईंना सांगणार होतो की मी रोज पोतंभर खायचो, पण बायको बघत होती.

मित्र त्यानंतर आमच्या घरी आला नाही. होळीला आला, लांबच्या टेबलावर बसला. जेवण झालं, पान आलं. कुणीतरी म्हणालं, काका, होऊन जाऊ द्या. मी सुरू केली, बत्तीस पुरणपोळ्या, आचारी, सगळं. बायको वाटीतला सुपारीचा चुरा निवडत बसली होती आणि अकरा म्हणाली नाही. मला ते आवडलं नाही. मी लांबच्या टेबलाकडे बघितलं. आचारी पाया पडायच्या आधीच हसू यायला हवं होतं, ते आलं नाही. तो पाण्याचा ग्लास बोटांनी फिरवत होता. मी गोष्ट मध्येच आटोपती घेतली.

घंटेचा मूळ फोटो माझ्या फोनमध्ये आहे. दोनदा पुसायला घेतला. कोपऱ्यात तो अंगठा आहे, नखाजवळ पराग लागून पिवळा झालेला, कारण त्या सकाळीही गाडीचं दार त्यानेच उघडलं होतं.